शस्त्रमदतीचा कायदा स्वतः कसा वाचायचा: ग्वाल्हेरच्या आमच्या बैठकीतली पद्धत, पायरी-पायरीने

२०२२ च्या जुलैत आमच्या ग्रुपवर मेसेज आला, "भारताला काट्सातून सूट, एस-४०० चा प्रश्न कायमचा मिटला", आणि अर्ध्या तासात त्याखाली तिरंग्यांची रांग लागली. (काट्सा म्हणजे रशियाकडून मोठी शस्त्रं घेणाऱ्यांवर निर्बंध लावणारा अमेरिकेचा कायदा, आणि एस-४०० ही भारताने रशियाकडून घेतलेली विमानविरोधी क्षेपणास्त्र यंत्रणा.) मी ग्वाल्हेरला लष्कर भागात राहते, संध्याकाळी आमच्या ओसरीवर पाच-सहा मुलंमुली अभ्यासाला बसतात, कोणाचं एमपीपीएससी चाललंय, कोणाला एनडीएची मुलाखत द्यायचीय, आणि शेजारचे काका, एअरफोर्सच्या ग्राउंड क्रूमधून रिटायर झालेले, चहाला म्हणून येतात आणि नऊ वाजेपर्यंत बसतात. मुलं म्हणाली, काकू, झालं ना आता? मी म्हटलं आधी मूळ कागद बघू. नई सडकेवरून प्रिंट काढून आणली. सुरुवातीलाच लिहिलेलं होतं "सेन्स ऑफ काँग्रेस", म्हणजे सभागृहाला असं वाटतं, एवढंच. सूट दिलेली नव्हती, सूट द्यावी असं म्हटलं होतं, तेही एकाच सभागृहाने, दुरुस्त्यांच्या एका गठ्ठ्यात, जो ३३० विरुद्ध ९९ मतांनी पास झाला. डिसेंबरात त्या वर्षीच्या संरक्षण कायद्यावर सही झाली तेव्हा त्यात ही सूट नव्हतीच.

तेव्हापासून आम्ही ठरवलं की अमेरिकेच्या शस्त्रविक्रीची किंवा लष्करी मदतीची बातमी आली की आकडा बघायच्या आधी कायद्याचं क्रियापद, पैसा आणि अट बघायची. हीच पद्धत खाली लिहितेय, कायद्याची पदवी लागत नाही, पेन्सिल आणि थोडा धीर लागतो.

कोणी म्हणेल ग्वाल्हेरच्या माणसाला वॉशिंग्टनच्या कायद्याचं काय पडलंय. आमच्या डोक्यावरून मिराज जातात ना, त्यांचीच गोष्ट बघा. १९८१ मधे अमेरिकेने पाकिस्तानसाठी ३.२ बिलियन डॉलरचं सहा वर्षांचं पॅकेज ठरवलं आणि त्याच्या जोडीला, वेगळ्या रोख व्यवहारात, ४० एफ-१६ विमानं द्यायचं कबूल केलं. त्यासाठी त्यांनी स्वतःच्याच मदत कायद्यात एक कलम घालून पाकिस्तानच्या अणुकार्यक्रमामुळे मदतीला असलेली आधीची आडकाठी बाजूला केली. भारताने उत्तर म्हणून १९८२ मधे फ्रान्सशी मिराज-२००० चा करार केला आणि १९८५ मधे ती विमानं आमच्या महाराजपुरा तळावर उतरली. तिकडे एका कायद्यात चार ओळी वाढल्या म्हणून इकडे आमच्या खिडक्यांची तावदानं वाजतात, इतका सरळ संबंध आहे.

पहिली पायरी: मूळ कागद काढा आणि तो कुठल्या टप्प्यावर आहे ते बघा

काँग्रेस डॉट गव्ह ही साइट फुकट आहे. बिलाचा नंबर टाका. एच.आर. म्हणजे प्रतिनिधीगृहातलं, एस. म्हणजे सिनेटचं. मग दोन गोष्टी उघडायच्या, एक "टेक्स्ट" आणि दुसरी "अ‍ॅक्शन्स". टेक्स्टमधे एकाच बिलाच्या तीन-चार आवृत्त्या असतात, मांडलेली, एका सभागृहाने पास केलेली, दोन्हीकडून पास झालेली, आणि सगळ्यात शेवटी "पब्लिक लॉ" असा नंबर पडलेली. पब्लिक लॉचा नंबर नसेल तर तो कायदा नाही, कितीही मोठी बातमी असो. त्यांची काँग्रेस दोन वर्षांची असते आणि त्यात जे पास झालं नाही ते मरतं, पुढच्या वेळी पुन्हा मांडावं लागतं. मांडलेली बहुतेक बिलं अशीच मरतात. खासदाराने आपल्या मतदारांना दाखवायला मांडलेलं बिल आणि खरोखर पुढे जाणारं बिल यातला फरक अ‍ॅक्शन्समधे कळतो: कमिटीत पाठवलं आणि त्यानंतर आठ महिने काहीच नोंद नाही, तर समजून जा.

आणखी एक सवय लावून घ्या, आकडा आपल्या मोजणीत लगेच लिहा. एक मिलियन म्हणजे दहा लाख, एक बिलियन म्हणजे शंभर कोटी. बातम्यांमधे निम्म्या चुका इथेच होतात, डॉलरचे कोटी आणि रुपयांचे कोटी एकमेकांत मिसळतात.

दुसरी पायरी: दोन जुने कायदे शेजारी उघडे ठेवा

नवीन बिल एकटं वाचलं तर काहीच कळत नाही, कारण ते बहुतेक वेळा जुन्या कायद्याला ठिगळ लावत असतं. जुने कायदे मुख्य दोन. १९६१ चा फॉरेन असिस्टन्स अ‍ॅक्ट, म्हणजे मदतीचा कायदा, आणि १९७६ चा आर्म्स एक्स्पोर्ट कंट्रोल अ‍ॅक्ट, म्हणजे विक्रीचा कायदा. याशिवाय दरवर्षीचा संरक्षण धोरणाचा कायदा, ज्याला सगळे एनडीएए म्हणतात, आणि दरवर्षीचा खर्चाचा कायदा.

ठिगळ कसं दिसतं सांगते. मदतीच्या कायद्याचं कलम ५०६ राष्ट्राध्यक्षांना अधिकार देतं की अचानक गरज पडली तर आपल्याच सैन्याच्या कोठारातून माल काढून दुसऱ्या देशाला द्या, वर्षाला १०० मिलियन डॉलरपर्यंत. याला ड्रॉडाउन म्हणतात. २०२२ मधे युक्रेनसाठी ही मर्यादा त्या एका वर्षापुरती ११ बिलियन केली आणि पुढच्या वर्षी १४.५ बिलियन. नवीन कायद्यात त्यासाठी होतं काय, तर "अमुक आकड्याच्या जागी अमुक आकडा वाचावा" अशा थाटाची ओळ. जुनं कलम समोर नसेल तर ही ओळ डोळ्याखालून निघून जाते, आणि सगळा जीव तिच्यातच असतो.

तिसरी पायरी: क्रियापदाखाली रेघ मारा

आमच्याकडे नियम आहे, "शॅल" ला लाल, "मे" ला निळी. शॅल म्हणजे करावंच लागेल, मे म्हणजे करता येईल. "सेन्स ऑफ काँग्रेस" ला साधी पेन्सिल, कारण त्याने कोणावर काही बंधन येत नाही. "नॉटविथस्टँडिंग" दिसलं की थांबायचं, त्याचा अर्थ दुसरीकडे काहीही लिहिलेलं असलं तरी इथे हेच चालेल, आणि सगळ्या पळवाटा किंवा सगळ्या सक्त्या त्याच शब्दाच्या मागे असतात.

निळ्या रेघेचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे युक्रेनसाठी केलेला लेंड-लीज कायदा. ९ मे २०२२ ला सही झाली, दुसऱ्या महायुद्धात मित्रदेशांना शस्त्रं उसनी देणाऱ्या १९४१ च्या लेंड-लीजची आठवण काढून जगभर मथळे झाले, आता अमर्याद शस्त्रं जाणार वगैरे. कायदा राष्ट्राध्यक्षांना अधिकार देत होता, हुकूम देत नव्हता. तो अधिकार एकदाही वापरला गेला नाही आणि सप्टेंबर २०२३ अखेर त्याची मुदत संपली. युक्रेनला जे गेलं ते दुसऱ्या रस्त्यांनी गेलं.

चौथी पायरी: पैसा नक्की आहे का

इथे सगळ्यात जास्त माणसं चुकतात, म्हणून जरा सावकाश. अमेरिकेत "ऑथराइज" करणं वेगळं आणि "अप्रोप्रिएट" करणं वेगळं. घरात आजोबा म्हणाले की नातीच्या लग्नाला दहा लाखापर्यंत खर्च करा, ही झाली परवानगी. पण बँकेतून पैसे काढून हातात कोणी दिले, कधी दिले, ते वेगळं. ऑथरायझेशन म्हणजे आजोबांचं तोंडी हो, अप्रोप्रिएशन म्हणजे प्रत्यक्ष पैसे.

तैवानचं बघा. २०२२ च्या डिसेंबरातल्या एनडीएएमधे तैवानला पाच वर्षं, दरवर्षी २ बिलियन डॉलरपर्यंत लष्करी अनुदान द्यायची परवानगी दिली गेली. सगळीकडे दहा बिलियनची मदत अशी बातमी. त्याच महिन्यात खर्चाचा कायदा आला आणि त्यात अनुदानाला पैसा ठेवलाच नव्हता, कर्जाची सोय तेवढी होती. सही करणारा तोच, महिना तोच, दोन कायदे, आणि दोघांचं म्हणणं वेगळं. म्हणून धोरणाचा कायदा वाचला की खर्चाचा कायदा उघडल्याशिवाय उठायचं नाही.

आणि विक्रीला परवानगी म्हणजे सबसिडी नव्हे. २०१६ मधे पाकिस्तानला ८ एफ-१६ विकायचा सुमारे ६९९ मिलियन डॉलरचा प्रस्ताव आला. सिनेटमधे तो अडवायचा ठराव ७१ विरुद्ध २४ ने पडला, म्हणजे विक्रीला वाट मोकळी. आपल्याकडे किती संताप झाला होता! पण परराष्ट्र समितीचे अध्यक्ष बॉब कॉर्कर यांनी अमेरिकेच्या मदतनिधीतून त्याचे पैसे द्यायला नकार दिला, पाकिस्तानला सांगितलं गेलं की सगळी रक्कम तुम्ही भरा, आणि मे महिन्यात मुदत टळून व्यवहार बारगळला. मतदानात जे थांबलं नाही ते पैशाने थांबलं.

पाचवी पायरी: माल कुठल्या रस्त्याने जातोय ते ओळखा

एफएमएस म्हणजे सरकार ते सरकार विक्री, अमेरिकन सरकार स्वतः कंपनीकडून घेऊन देतं आणि वर प्रशासनाचा आकार लावतं, २०१८ पासून तो ३.२ टक्के आहे. डीसीएस म्हणजे कंपनीशी थेट करार, सरकारचं फक्त लायसन्स. एफएमएफ म्हणजे खरेदीसाठी अमेरिकेनेच दिलेला पैसा, जो बहुतांश त्यांच्याच कारखान्यांत परत जातो. ईडीए म्हणजे त्यांच्या सैन्याला नको झालेला जुना माल. आयमेट म्हणजे अधिकाऱ्यांचं ट्रेनिंग. ड्रॉडाउन वर आलाच.

भारताची खरेदी लावून बघा म्हणजे लक्षात राहील. नौदलाची पी-८आय विमानं थेट कंपनीकडून. सी-१७ आणि सी-१३०जे ही मालवाहू विमानं एफएमएसने. अपाचे दोन्ही रस्त्यांनी, हेलिकॉप्टर थेट आणि त्याची शस्त्रं-रडार सरकारमार्फत. ही सगळी आपण आपल्या पैशाने घेतलीत. याच्या उलट इजिप्तला दरवर्षी १.३ बिलियनचा एफएमएफ, आणि इस्रायलला २०१६ च्या करारानुसार २०१९ ते २०२८ अशा दहा आर्थिक वर्षांत ३८ बिलियन, त्यातले ३३ एफएमएफ आणि ५ क्षेपणास्त्र संरक्षणाला. "अमेरिकेकडून शस्त्रं घेतो" हे वाक्य तिघांनाही लागू पडतं पण तिघांची परिस्थिती एक नाही, जो स्वतः पैसे मोजतो त्याच्यावरचा दाब वेगळा असतो.

सहावी पायरी: त्या देशाला नाव काय दिलंय

कायद्यात "पार्टनर" हा शब्द दहा ठिकाणी दहा अर्थांनी येतो. नाटो सदस्य, मग नाटोसारखी वागणूक मिळणारे पाच (यांना नाटो-प्लस म्हणतात), म्हणजे जपान, ऑस्ट्रेलिया, दक्षिण कोरिया, इस्रायल आणि न्यूझीलंड, मग "मेजर नॉन-नाटो अलाय" हा दर्जा, जो पाकिस्तानला २००४ मधे मिळाला. या दर्जाने जुना माल, संशोधन, साठवण अशा सोयी मिळतात, संरक्षणाची हमी मिळत नाही. भारत यातल्या कशातच नाही, भारतासाठी २०१६ मधे "मेजर डिफेन्स पार्टनर" असं वेगळंच नाव काढलं. २०२३ मधे तिकडच्या प्रतिनिधीगृहाच्या चीनविषयक समितीने भारताला त्या नाटो-प्लसच्या रांगेत घ्यावं अशी शिफारस केली आणि इकडे "भारत नाटोत जाणार" असं सुरू झालं. परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी तेव्हाच सांगितलं की नाटोचा साचा भारताला लागू होत नाही.

या नावाने फरक पडतो तो पुढच्या पायरीत.

सातवी पायरी: दिवस मोजा

विक्रीच्या कायद्याचं कलम ३६. ठराविक रकमेच्या वरची विक्री करायची तर काँग्रेसला आधी कळवावं लागतं. माझ्या वहीत लिहिलेल्या मर्यादा अशा: इतर देशांसाठी मोठी शस्त्रसामग्री १४ मिलियन, बाकी माल आणि सेवा ५० मिलियन, आणि कळवल्यावर ३० दिवस थांबायचं. नाटो आणि त्या पाचांसाठी २५ मिलियन, १०० मिलियन, आणि फक्त १५ दिवस. या मर्यादा वाढवायची मागणी तिकडे सतत चालू असते, म्हणून आकड्याशेजारी तुम्ही तो कधी तपासला ती तारीख टाका आणि प्रत्येक वेळी ताजं कलम बघा.

कळवलं म्हणजे विकलं असं नाही. डीएससीए नावाची अमेरिकन संरक्षण खात्याची संस्था जी नोटीस काढते त्यातली किंमत अंदाजे आणि बहुधा जास्तीत जास्तची असते. आपले ३१ एमक्यू-९बी ड्रोन घ्या: १ फेब्रुवारी २०२४ ला ३.९९ बिलियनची नोटीस, करारावर सह्या १५ ऑक्टोबर २०२४ ला, आणि माल त्यानंतर काही वर्षांनी. तीन वेगळ्या घटना आहेत, पेपरात तिन्ही वेळा "भारताला ड्रोन मिळाले" असंच छापून येतं.

बरं, ३० दिवसांत काँग्रेस गप्प बसली तर विक्री पुढे जाते, तिला हो म्हणावं लागत नाही. अडवायची तर दोन्ही सभागृहांनी नामंजुरीचा ठराव पास करायचा, त्यावर राष्ट्राध्यक्ष नकाराधिकार वापरणार, मग दोन-तृतीयांश मतं हवीत. १९८६ मधे सौदी क्षेपणास्त्रांचा ठराव दोन्हीकडे पास झाला, रेगन यांनी तो फेटाळला आणि सिनेटमधे ६६ विरुद्ध ३४, नकाराधिकार उलटवायला एक मत कमी पडलं. २०१९ मधे तर आणीबाणीचं कारण देऊन २२ नोटिसा, सुमारे ८.१ बिलियनच्या, मुदत न पाळता पुढे गेल्या, त्या अडवायला पास झालेल्या तीन ठरावांवर ट्रम्प यांनी नकाराधिकार वापरला आणि तो उलटवता आला नाही. या रस्त्याने काँग्रेसने आजवर एकही विक्री थांबवलेली नाही.

मग खरं थांबतं कुठे? नोटीस निघायच्या आधी. परराष्ट्र समित्यांच्या अध्यक्षांना आणि विरोधी पक्षाच्या प्रमुख सदस्यांना अनौपचारिकपणे विचारलं जातं, आणि त्यांनी हात वर केला की फाइल पडून राहते. हे कायद्याच्या पानावर कुठेच लिहिलेलं नाही, फक्त रीत आहे. आपल्या ड्रोनच्या वेळी सिनेटच्या परराष्ट्र समितीचे तेव्हाचे अध्यक्ष बेन कार्डिन यांनी नंतर सांगितलंच की अमेरिकन भूमीवरच्या हत्येच्या कटाच्या तपासाबद्दल महिनोन् महिने बोलणी झाल्यावर त्यांनी मंजुरी दिली. म्हणून नोटीस उशिरा आली तर मतदान शोधत बसू नका, ही चार माणसं काय बोलतायत ते शोधा.

आठवी पायरी: अटी, आणि अटीतून सुटायची वाट

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा.

पहिली अट वापराची. अमेरिकन शस्त्र स्वसंरक्षण, अंतर्गत सुरक्षा वगैरे ठरलेल्या कारणांसाठीच वापरायचं, आणि अमेरिकेच्या परवानगीशिवाय तिसऱ्याला द्यायचं नाही. २६ फेब्रुवारी २०१९ ला पहाटे आमच्या ग्वाल्हेरहून मिराज उडाले आणि बालाकोट झालं, दुसऱ्या दिवशी पाकिस्तानची विमानं आली, आणि भारताने अ‍ॅमराम या अमेरिकन हवेतून हवेत मारा करणाऱ्या क्षेपणास्त्राचे तुकडे पत्रकारांसमोर ठेवले. ते तुकडे दाखवण्यामागे कायद्याचा मुद्दा होता: पाकिस्तानकडे हे क्षेपणास्त्र एफ-१६ वरूनच सुटतं, म्हणजे एफ-१६ वापरलं गेलं, मग विक्रीच्या अटींचं काय. त्या जुलैत डीएससीएने नोटीस काढली, पाकिस्तानच्या एफ-१६ वर चोवीस तास नजर ठेवायला ६० कंत्राटी माणसांची टीम चालू ठेवायची, अंदाजे १२५ मिलियन डॉलर. त्याच दिवशी भारताच्या सी-१७ च्या देखभालीची ६७० मिलियनची नोटीसही निघाली. देखरेखीची अट असली की ती पाळायला माणसं लागतात, आणि त्यांचा खर्च विक्रीतच धरलेला असतो, हे ती नोटीस वाचल्यावर आमच्या मुलांना पहिल्यांदा नीट कळलं.

दुसरी अट माणुसकीची. लेही कायदा, मदतीच्या कायद्याचं कलम ६२०एम. ज्या तुकडीने मानवाधिकारांचं गंभीर उल्लंघन केल्याची विश्वासार्ह माहिती आहे तिला मदत नाही. अख्खा देश बंद होत नाही, ती तुकडी बंद होते.

तिसरी, प्रमाणपत्राची. इथे कायद्याचा दात किती खोल जातो ते प्रेसलर दुरुस्तीत दिसतं. १९८५ ची ती दुरुस्ती म्हणत होती की पाकिस्तानकडे अणुस्फोटक नाही असं राष्ट्राध्यक्षांनी दरवर्षी लिहून द्यायचं, तरच मदत. पाच वर्षं लिहून दिलं, १९९० च्या ऑक्टोबरात थोरल्या बुश यांनी दिलं नाही. पाकिस्तानने पैसे भरलेली २८ एफ-१६ तयार होऊन अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात उभी राहिली, उभी म्हणजे वर्षानुवर्षं. १९९८ अखेरीस उरलेल्या रकमेचा हिशेब मिटवला गेला, त्यात थोडा भाग गव्हाच्या रूपात होता! त्यातली काही विमानं पुढे अमेरिकन नौदलाने स्वतःच्या वैमानिकांच्या सरावाला घेतली. आणि आपणही सुटलो नाही, १९९८ च्या पोखरणनंतर, अणुचाचणी करणाऱ्या देशाची मदत तोडणाऱ्या ग्लेन दुरुस्तीखाली निर्बंध आले, तेजसच्या फ्लाइट कंट्रोलवर अमेरिकेत काम करणारी आपली टीम परत पाठवली गेली, सी किंग हेलिकॉप्टरं ब्रिटिश असून त्यांचे सुटे भाग अडले कारण त्या भागांत अमेरिकन सामान होतं. परवानगी लागते ती नुसती अख्ख्या यंत्राच्या देशाची नाही, त्यातल्या भागांच्या देशाचीही.

आता अट वाचली की खाली "वेव्हर" शोधा, जवळजवळ नेहमी असतो. राष्ट्रीय सुरक्षेच्या हितासाठी सरकार अट बाजूला ठेवू शकतं असं एक वाक्य. इजिप्तच्या १.३ बिलियनपैकी ३२० मिलियन मानवाधिकारांच्या अटींना बांधलेले होते, २०२४ च्या सप्टेंबरात काही भागाला वेव्हर लावून सगळी रक्कम सोडली. उलट काट्सामधेही वेव्हर आहे, तरी एस-४०० घेतल्याबद्दल तुर्कस्तानला २०१९ मधे एफ-३५ मधून काढलं आणि २०२० च्या डिसेंबरात निर्बंध लावले, भारतावर लावले नाहीत आणि लेखी सूटही दिली नाही. अट किती कडक आहे हे वेव्हर वाचल्याशिवाय सांगता येत नाही, आणि वेव्हर कोण देणार, किती दिवसांसाठी, काँग्रेसला कळवून की न कळवता, ही तीन उत्तरं लिहून ठेवायची.

नववी पायरी: आपल्या घरचं

हल्ली आपणही विकतो. २०२४-२५ मधे संरक्षण निर्यात २३,६२२ कोटी रुपये झाली. फिलिपिन्सशी ब्राह्मोसचा सुमारे ३७५ मिलियन डॉलरचा करार २०२२ च्या जानेवारीत झाला आणि पहिला माल २०२४ च्या एप्रिलात पोचला. व्हिएतनामला १०० मिलियनच्या कर्जमर्यादेतून १२ गस्ती बोटी दिल्या, २०२३ मधे आयएनएस कृपाण ही आख्खी युद्धनौका भेट दिली. म्हणजे मित्रदेशांना लष्करी मदत हा आता आपलाही विषय आहे. कायदा शोधायला गेलात तर १९९२ चा परदेश व्यापार कायदा, त्याखालची स्कोमेट यादी, म्हणजे निर्यातीला परवानगी लागणाऱ्या संवेदनशील मालाची यादी, तिची सहावी कॅटेगरी म्हणजे युद्धसामग्री, आणि तिला परवानगी देणारा संरक्षण उत्पादन विभाग, एवढं सापडेल. कर्जाची माहिती एक्झिम बँकेच्या यादीत. पण ३० दिवस आधी संसदेला कळवायचं, अशी तरतूद आपल्याकडे नाही. मला मनापासून वाटतं की असावी, निदान मोठ्या व्यवहारांना तरी, कारण आपलं शस्त्र कुठे, कोणावर, कशासाठी वापरलं जाईल याची जबाबदारी विकणाऱ्याची पण असते आणि ते विचारायला संसदेपेक्षा योग्य जागा दुसरी नाही. परीक्षेत हा प्रश्न आला तर दोन्ही बाजू लिहा, घाई आणि गुप्तता यांचंही म्हणणं असतंच.

शेवटची पायरी: एक ओळ भरा

वहीत सात रकाने आखा: टप्पा, क्रियापद, पैसा, रस्ता, दर्जा, दिवस, अट. आमची भरलेली एक ओळ देते, सप्टेंबर २०२२, पाकिस्तानच्या एफ-१६ साठी ४५० मिलियन. टप्पा: नोटीस. क्रियापद: विकता येईल. पैसा: अमेरिकन मदत नाही, पाकिस्तान स्वतः भरणार. रस्ता: एफएमएस. दर्जा: मेजर नॉन-नाटो. दिवस: ३०. अट: नोटिशीतच लिहिलंय की यात नवीन क्षमता, शस्त्रं किंवा दारूगोळा नाही, फक्त देखभाल.

मुलं म्हणाली, मग काही विशेष नाही हे, नवीन शस्त्रच नाहीये. काकांनी कागद हातात घेतला, चष्मा वर केला आणि मालाच्या यादीवर बोट ठेवून एकेक शब्द वाचला, इंजिन सुधारणा, सॉफ्टवेअर, स्ट्रक्चरची तपासणी, सुटे भाग. म्हणाले, "बाळांनो, क्षेपणास्त्र नसलं तरी विमान उडतं. हे नसलं तर महिन्याभरात लाइनवरची निम्मी विमानं जॅकवर चढतात, मी चढवलीयत." मग सातव्या रकान्याच्या पुढे आठवा आखला, देखभाल कोणाच्या हातात, आणि मागच्या सगळ्या ओळी त्यासाठी पुन्हा काढून भरायला बसलो.